चौलच्या पडवीतलं लगीन

मैत्रिणींनो, अलिबागला तुम्ही गेला असाल. निदान मुलांच्या सहलीच्या निमित्ताने तरी. मुरुडला किंवा काशिदलाही जाऊन आला असाल. त्या रस्त्यावर अलिबागपासून १६ किलोमीटरच्या आसपास चौल लागतं, पण तिथे उतरतं कोण? गाडी चौलनाक्यावरून सरळ रेवदंड्याकडे जाते, दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या दाट होतात, उन्हाची तिरीप कमी होते, कुणीतरी म्हणतं, "काय गार वाटतं नाही!" आणि तेवढ्यात चौल संपतं. मीही लग्नानंतर पहिली काही वर्षं असंच समजत होते, की चौल म्हणजे सासूबाईंचं माहेर, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आंबे-फणस खाऊन परत यायचं गाव.

त्याच चौलला यंदा मार्गशीर्षात आम्ही तिघी गेलो. सासूबाई, मी आणि आमची सहावीतली धाकटी. त्या चार दिवसांत जे पाहिलं ते तुम्हांला सांगावंसं वाटतं, म्हणून हा पत्रप्रपंच. प्रवासाची माहितीही अधूनमधून देईनच. पण खरं सांगायचं ते गाण्याबद्दल.

आधी सासूबाईंविषयी थोडं सांगायला हवं. त्यांना ब्याऐंशी वर्षं पूर्ण झाली. तीनेक वर्षांपासून विस्मरण वाढत चाललं आहे. आधी दुधाचा गॅस बंद करायचं विसरायच्या, मग नावं विसरू लागल्या. यांना ओळखतात, मात्र कधी कधी 'दादा' म्हणतात. मला तर वर्षभरात नावाने हाक मारलेली नाही. "अहो वहिनी" म्हणतात, तेही परक्या बाईला म्हणावं तसं. बोलणंही तुटक झालं आहे. ज्यांच्या घरात असं माणूस आहे, त्यांना पुढचं सांगायला नको.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. २०२३ साली राज्याच्या शिक्षण खात्याने शाळाशाळांतून सप्टेंबरात आजी-आजोबा दिवस साजरा करायला सांगितलं, हे तुम्हांला आठवत असेल. कल्पना छानच. धाकटीच्या शाळेतही तो झाला. मी हौसेने सासूबाईंना घेऊन गेले. आजी-आजोबांना खुर्च्या दिल्या, गुलाबाचं फूल दिलं, मुलांनी स्टेजवर नाच केले, लाउडस्पीकर असा की कानठळ्या बसाव्यात. दीड तास झाला, पण एकाही आजीला कुणी म्हटलं नाही, की आजी, तुम्ही काही म्हणता का? सासूबाई फूल हातात धरून बसल्या होत्या. शेवटी माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "वहिनी, हे लग्न कोणाचं? नवरी दिसत नाही कुठे." धाकटी ते ऐकून इतकी शरमली की घरी येईपर्यंत बोलली नाही. मला आजीपेक्षा नातीचंच वाईट वाटलं.

हे सगळं मनात होतंच. त्यातून चौलहून जाऊबाईंचा फोन आला. जाऊबाई म्हणजे माझ्या मामेदिरांची बायको. "दत्ताची जत्रा आहे. आत्यांना घेऊन या. पुढच्या वर्षी जमेल न जमेल." त्या शेवटच्या वाक्याने मी निघालेच.

जायचं कसं? मुंबईकरणींना सोपं आहे. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोठी रो-रो बोट सुटते, त्यात मोटारही चढते, तासाभरात पलीकडे. गेटवेहून लाँच आहेतच, पण त्या पावसाळ्यात बंद. आम्ही डोंबिवलीकर, म्हणून पनवेल-पेण-वडखळ असे रस्त्यानेच गेलो. म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाताना पहाटे निघा. वडखळच्या पुढे ऊन चढतं, आणि बरोबर साधा मऊ भात व ताक ठेवा. वाटेतले वडे मोहात पाडतात, पण पुढचे दोन दिवस निस्तरावे लागतात!

अलिबाग सोडलं की आधी आक्षी लागते. इथे एक शिलालेख आहे, शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ चा. मराठीतला सर्वांत जुना म्हणून बरेच अभ्यासक त्याच्याकडे बोट दाखवतात. मग नागाव, मग चौल. चौलचा बडेजाव काय सांगावा! चंपावती हे याचं पुराणातलं नाव. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीने याला सिमुल्ला म्हटलं, अरब व्यापारी सैमूर म्हणत. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन प्रवासी इथे उतरला आणि त्याने काय टिपून ठेवलं ठाऊक आहे? इथल्या बायका डोक्यावरून काही घेत नाहीत आणि केसांची एकच वेणी घालतात! तीनशे पासष्ट देवळं आणि तेवढीच तळी, असं चौलकर अजून सांगतात. मोजायला मात्र कुणी जात नाही. रेवदंड्याला पोर्तुगीज होते, ते १७४० साली गेले. बंदर गाळाने भरत गेलं, पेठ उठून गेली, आणि राहिल्या त्या वाड्या, देवळं आणि माणसं.

सासूबाईंचं माहेर रामेश्वराच्या देवळापासून फार लांब नाही. देवळासमोर मोठी पुष्करणी आहे. आत कुंडं आहेत, पाऊस लांबला की त्यातलं पर्जन्यकुंड उघडत असत. गाडी पुष्करणीशी वळली तशा सासूबाई सरळ होऊन बसल्या. काही बोलल्या नाहीत, पण चपला पायांत घालायला लागल्या. म्हणजे पायांना कळलं होतं.

घर जुनंच आहे. पुढे शेणाने सारवलेलं अंगण, मग पडवी, वर ओटी, ओटीवर झोपाळा. मागे वाडी. रहाट जाऊन पंप आला, एवढंच. दुपारी आम्ही पडवीत सुपारी निवडत बसलो होतो. तेवढ्यात सात-आठ मुलं-मुली फाटकातून आत आली. शनिवार, सकाळची शाळा सुटलेली. मला वाटलं खेळायला आली असतील. पण प्रत्येकाच्या हातात वही.

जाऊबाईंनी सांगितलं ते असं. शाळेतल्या बाईंनी मुलांना घरचा अभ्यास दिला होता. आपल्या आळीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडून एक गाणं शिकून यायचं. अट एकच, गाणं मोबाईलवर सापडता कामा नये. त्या बाईंना मी भेटले नाही, पण मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले! कारण या अटीमुळे मुलांना म्हाताऱ्या माणसांकडे जाण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. फूल देऊन भागण्यासारखं नव्हतं.

मुलं आली होती ती पलीकडच्या आळीतल्या एका आजींना घेऊन. आगरी समाजातल्या या आजी धवलारीण. हा शब्द शहरातल्या पुष्कळ मैत्रिणींना नवा असेल. रायगड-ठाणे पट्टीत आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण लागते. हळदीपासून लग्न लागेपर्यंत कुठला विधी कधी करायचा ते ती गाण्यातून सांगते, आणि त्या गाण्यांना म्हणतात धवले. भटजी मंत्र म्हणतात, तशी ही धवले म्हणते. वारल्यांकडेही धवलेरी असते, तिच्यावाचून लग्न लागत नाही. आणि गंमत पाहा, तेराव्या शतकातली महदाइसा, जिला आपण मराठीतली पहिली कवयित्री म्हणतो, तिच्या काव्याचं नावही 'धवळे'च. रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नसोहळ्याच्या कौतुकात तिने ते श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर रचले. कुठे विदर्भातलं रिद्धपूर, कुठे कोकणातलं चौल! पण लग्न म्हटलं की बाईने गायचं आणि त्याला धवळे म्हणायचं, हे दोन्हीकडे एकच.

तर मुलं आजींना म्हणाली, धवला शिकवा. आजींनी हात झटकले. "लगीन नाय, हलद नाय, उगाच कशाला म्हनू?"

मला आधी वाटलं, आढेवेढे घेतात. पण त्यांचं बरोबर होतं. ही गाणी म्हणजे करमणूक नव्हे. लग्न असेल तरच म्हणायची, नाहीतर अशुभ. आपणसुद्धा मंगलाष्टकं उगीच भाजी चिरताना म्हणतो का? मुलं हिरमुसली. एका मुलाने मोबाईल पुढे केला होता, तो खिशात घातला. तेवढ्यात एक चुणचुणीत पोरगी म्हणाली, "मग आपण लगीन करू की!"

आणि बघता बघता लग्न ठरलं. नवरी म्हणून आमच्या धाकटीची प्लॅस्टिकची बाहुली. तिला आता सहावीत बाहुली कशाला असं मी म्हणते, पण प्रवासात ती लपवून आणतेच. त्या दिवशी मी काही बोलले नाही! नवरा नारळाच्या सोडणाचा, मिशा कोळशाने काढलेला. जाऊबाईंनी खणाचा तुकडा दिला, त्याचा शालू झाला. अबोलीच्या मुंडावळ्या झाल्या. पोफळीच्या विरीचं बोहलं. हळद खरीखुरी, मिसळणाच्या डब्यातली. आजी सगळं बघत होत्या. हळदीची वाटी पुढे आली तेव्हा त्यांनी पदर नीट केला, पडवीत भिंतीला टेकून बसल्या आणि एकदम आवाज लावला.

आवाज म्हणजे काय सांगू! जाड, थोडा फाटलेला, पण हलत नव्हता. आजी एक ओळ म्हणत आणि थांबत. त्या थांबल्या की पुढे काय, ते मुलांना कळेना. दोन-तीनदा तसंच झालं. तशा त्या रागावल्या, "झील कोन धरनार? मी एकलीच म्हनू काय?"

मैत्रिणींनो, या गाण्यांची मेख तिथे आहे. एकीने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची, अशीच ती बांधलेली असतात. धवल्यांचं तेच, भोंडल्याचं तेच, भजनाचंही तेच. मागून झील धरणाऱ्या बायका गात असतात तेवढ्यात पुढची ओळ म्हणणारीला आठवते. मागे कोणी नसेल तर ती अडते. आपण म्हणतो, आजी विसरल्या. आजी विसरलेल्या नसतात, त्यांना पुढची ओळ आठवायला जो श्वासभर अवधी लागतो तो द्यायला कोणी उरलेलं नसतं. माझ्यापुरतं सांगते, मला हे त्या दिवशी पडवीत कळलं, आणि इतकी वर्षं सासूबाईंना "आई, तुमचं ते हळदीचं गाणं म्हणा ना" म्हणून मी गप्प ऐकत बसत होते, ते आठवून चुटपुट लागली.

मुलं मात्र हुशार. चौथ्या ओळीला त्यांनी झील पकडली. आमच्या धाकटीला आगरी उच्चार जमेनात, 'ळ'चा 'ल' करताना तिला हसू फुटे, पण ती रेटून म्हणत होती. सूर चढायला लागला तसं आजींनी हाताने खाली दाबल्याची खूण केली. म्हाताऱ्या बायकांचा आवाज वयाने खाली उतरलेला असतो. मुलं आपल्या पट्टीत किंचाळली की त्यांना गाताच येत नाही.

सासूबाई झोपाळ्यावर बसल्या होत्या. दोघी साधारण एका वयाच्या. लहानपणी एकाच वाडीत सुपाऱ्या वेचलेल्या. पण तेव्हा या आजी पायरीच्या वर येत नसत, त्यांची आई तर अंगणातूनच बोलायची, हे जाऊबाईंनी मला हळूच सांगितलं. आता त्यांनीच सासूबाईंचा हात धरला आणि खाली सतरंजीवर आपल्याशेजारी बसवलं. "ताई, तुमच्या घरचा घाना म्हना आता. नवरी तुमची हाय."

मी म्हणणार होते, त्यांना नाही आठवायचं हो. बरं झालं नाही म्हणाले ते.

सासूबाईंनी सुरुवात केली. घाणा भरताना म्हणायचं गाणं, आमच्या घरच्या लग्नांत मी ऐकलेलं. या गाण्यात घरच्या माणसांची नावं घालावी लागतात, हे तुम्हांला माहीत आहेच. नवरीचा आजा, बाप, चुलता, मामा, मग बायका. गाणं तेच, प्रत्येक कडव्याला नाव बदलायचं. सासूबाई ओळ म्हणायच्या, मुलं झील धरायची, आणि मग ओरडायची, "आता कोणाचं?" सासूबाई सांगायच्या. आपल्या वडिलांचं नाव आलं. धाकट्या भावाचं आलं, तो पोहायला जाऊन गेला त्याला साठ वर्षं झाली असतील. ओटीवर मामेदीर उभे होते, ते आत निघून गेले. मग आमच्या मामंजींचं. नाव घ्यायचं म्हणून सासूबाई चक्क लाजल्या, मुलं खो-खो हसली. मग मुलगे. यांना 'दादा' म्हणणाऱ्या बाईने यांचं नाव बरोबर घेतलं, पत्रिकेतल्यासारखं. मग थोरली सून.

"आता कोणाचं?" मुलं ओरडली.

आणि माझं नाव आलं. रोजचं नव्हे बरं का. लग्नात ताटातल्या तांदळांत लिहिलेलं नाव, जे सासूबाईंनीच निवडलं होतं आणि पुढे घरात कुणीच वापरलं नाही. मीही नाही. रेशनकार्डावरसुद्धा ते नाही. पंचवीस वर्षांनी ते नाव मी ऐकलं, आणि आठ पोरांनी ते झीलेवर तीनदा म्हटलं. मी सुपारीच्या सुपात तोंड घातलं. दुसरं काय करणार!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर सासूबाई म्हणाल्या, "वहिनी, आपण कुठल्या?" तेव्हा काही चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनाही मी परत आल्यावर विचारलं. ते म्हणाले, स्मृती जाते तेव्हा गाण्याची आठवण पुष्कळदा बाकीच्या आठवणींच्या मागे टिकून राहते. आजार त्याने हटत नाही, पण माणूस तेवढा वेळ आपल्यात असतो. ब्रिटनमध्ये अल्झायमर्स सोसायटी अशा माणसांसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांसाठी एकत्र गाण्याचे वर्ग चालवते, तेही या कारणानेच.

त्याच संध्याकाळी भोवाळ्याच्या दत्ताच्या डोंगराशी जत्रेला गेलो. दत्तजयंतीपासून पाच दिवस जत्रा असते. वर चढायला पायऱ्या आहेत, सासूबाईंना घेऊन आम्ही पायथ्यालाच थांबलो. घोंगड्या, टोपल्या, खाजं, मिठाई, सगळं आहे. पण आम्ही बसलो होतो तिथे एका भजनी मंडळात पुढे दोन आजोबा आणि मागे शाळकरी पोरं टाळ धरून. पोरांचा ठेका पळायला लागला की आजोबा नुसते मागे वळून बघत, आणि टाळ जागेवर येत. पंधरा मिनिटं मी तेच बघत होते.

तिसऱ्या दिवशी, रविवारी, जाऊबाईंनी मला कोर्लईला नेलं. चौलला गेलात तर हे चुकवू नका. रेवदंड्याचा पूल ओलांडून साळाव, आणि पुढे समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या कुशीत हे गाव. वर किल्ला, तो पोर्तुगीजांनी १५९४ साली निजामशाहीकडून घेतलेला. खाली गावात ख्रिस्ती वस्ती आणि माउंट कार्मेलचं चर्च. आणि इथली माणसं घरात एक निराळीच भाषा बोलतात. ते तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची बांधणी मराठी, क्रियापद आपल्यासारखं शेवटी. पोर्तुगीज १७४० साली या किनाऱ्यावरून गेले. त्यानंतर गोऱ्या साहेबाशी, दरबाराशी, शाळेशी या भाषेचा काही संबंध उरला नाही. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने या भाषेवर १९९६ साली अख्खं पुस्तक लिहिलं. बोलणारी माणसं हजाराच्या आतबाहेर.

पावणेतीनशे वर्षं लिपीवाचून, पुस्तकावाचून ही भाषा टिकली कशी? जाऊबाईंच्या ओळखीच्या घरी ओट्यावर बसलो होतो. नाताळ जवळ आलेला, घरात फराळाची गडबड. आजी पीठ मळत होत्या आणि गुणगुणत होत्या. आठ-नऊ वर्षांचा नातू पायरीवर बसून मराठीचा गृहपाठ करत होता. आजींची ओळ संपली की हा मान वर न करता पुढची म्हणायचा आणि परत वहीत डोकं! त्याला विचारलं, "काय रे म्हणतोस?" तर म्हणाला, "काही नाही, आजीचं गाणं." आपण काही टिकवतोय याची त्याला गंधवार्ता नव्हती. लग्नाला, नाताळला ही गाणी होतात, पोरं मागून म्हणतात, आणि त्यातून भाषा जिभेवर बसते. पण आजी एक गोष्ट बोलल्या ती मनात राहिली. "पोरं शिकतात, मुंबईला जातात. तिकडे गाणं आठवतं, पण मागून म्हणायला कोण?"

चौलच्या परिसराला हे नवं नाही. इथले बेने इस्रायली पाहा. नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं असं ते सांगतात. चेऊलकर, रेवदंडेकर, नवगावकर अशी त्यांची आडनावं, आणि रेवदंड्याला त्यांचं सिनेगॉग. एकोणिसाव्या शतकात त्यांनी बायबलातल्या कथांवर मराठीत कीर्तनं रचली. बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, पण तिकडच्या म्हाताऱ्या बायका अजून मराठी कीर्तनं गातात. नातवंडं हिब्रू बोलतात. ती झील धरतात की नाही, हा विचार कोर्लईहून परतताना पूल ओलांडेपर्यंत डोक्यात होता.

आणि उलटं उदाहरणही आपल्याकडे आहे. मुरबाड तालुक्यात फांगणे म्हणून गाव आहे. तिथे जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा काढली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन येतात, प्रार्थना म्हणतात, पाढे-कविता म्हणतात. घरी नातवंडं त्यांचा अभ्यास घेतात. म्हणजे तिथे ओळ टाकणारी नात आणि झील धरणारी आजी!

आता तुम्ही म्हणाल, आम्हांला कुठली धवलारीण मिळायला? नको मिळू दे. घरात आजी आहे ना? नसेल तर शेजारी आहे. मी घरी आल्यावर जे करून पाहिलं ते सांगते. टीव्ही बंद करा, पंखाही. म्हाताऱ्या कानांना घरघर फार. त्यांना खुर्चीत बसवून आपण समोर प्रेक्षकासारखं बसू नका, शेजारी बसा. "आठवतंय का?" असं विचारू नका. ते परीक्षेसारखं वाटतं आणि आठवत असलेलंही जातं. जेवढं आलं तेवढंच मुलांनी परत म्हणावं, दोनदा, तीनदा. पट्टी त्यांची धरावी, आपली नाही. हाताला काहीतरी काम असू द्या, शेंगा सोलणं, वाती वळणं. आमच्याकडे मटार सोलताना जेवढी गाणी निघाली तेवढी एरवी महिन्यात निघाली नव्हती. आणि दळणाच्या ओव्या हव्या असतील तर गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक जमवून ठेवल्या आहेत. पारी या संस्थेने त्या इंटरनेटवर ऐकायला ठेवल्या आहेत. त्या लावून द्या, पण पहिल्या दोनच. तिसरी आजींच्या तोंडून येऊ द्यावी.

रोज जमतं असं समजू नका. काही दिवशी सासूबाई ताट सरकवून देतात आणि गाण्याचं नाव काढलं तर चिडतात. धाकटीही कंटाळते, तिला परीक्षा आहे, मैत्रिणी आहेत. परवा तिनेच मला सांगितलं, "आई, आज नको, आज आजीचा मूड नाही." मी गप्प बसले. मूड ओळखायला लागली हेही काही कमी नाही.

तिने चौलच्या वहीत घाण्याचं गाणं लिहून ठेवलं आहे. नावांच्या जागा मात्र कोऱ्या ठेवल्या आहेत. म्हटलं, नावं का नाही लिहिलीस? तर म्हणे, ती आजी सांगते, रोज वेगळी.

निघताना बाहुलीवरून थोडा तंटा झाला. चौलच्या मुलांचं म्हणणं, लग्न लागलं, आता नवरी सासरी राहायची. धाकटी काही बाहुली सोडेना. शेवटी धवलारीण आजींनीच निवाडा केला. नवरी माहेरी जाऊ दे, पण पंधरा दिवसांत मांडवपरतणं करायला आणलीच पाहिजे. पंधरा दिवस होऊन गेले. काल जाऊबाईंचा फोन होता. वालाच्या शेंगा भरल्यात, पोपटी लावायची आहे, आणि आजी फाटकाशी येऊन विचारून गेल्या, सोडणाच्या नवऱ्याला अजून किती दिवस एकटा ठेवायचा?

यांना रजेचं विचारलं आहे.